स्थानिक पावसाचे भोयर साहेब

आमच्या घरात एका साली कपाशी दोनदा पेरली गेली, आणि म्हणून माझी मोठी बहीण सविता सातवीच्या पुढे शिकली नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं शहरातली माणसं विचारतात. आमच्या तांड्यात कुणी विचारत नाही.

त्या साली मेच्या शेवटी मोठे पाऊस झाले. वावर ओलं झालं. बाने मृगाची वाट न पाहता सरकी टोबली. कोंब आले, तेही असे टवटवीत की याडी, म्हणजे आमची आई, रोज संध्याकाळी बांधावर उभी राहून बघायची. मग आभाळ उघडलं ते उघडंच राहिलं. कोंब करपले. दुसऱ्यांदा बियाणं आणायचं म्हणजे मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फेडायला दिवाळीनंतर त्याच्या ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जायचं, एवढी साधी गोष्ट होती. बा आणि याडी गेले. मोळ्या बांधायला आणि भाकरी टाकायला सविताला सोबत नेलं. मी लहान, कामाची नाही, म्हणून आजीजवळ राहिले. सविता परत आली तेव्हा शाळेचं वर्ष संपलं होतं आणि तिचं दप्तर माझ्या पाठीवर होतं. तिने ते परत मागितलं नाही.

त्या दप्तरावर मी बी.एस्सी. झाले. फुलसावंगीकडच्या आमच्या तांड्यातली पहिली पदवीधर. हे मी मान खाली घालून सांगत नाही, सांगणारही नाही.

पदवीनंतर मला नोकरी लागली ती महागावच्या बाजूच्या एका कृषी केंद्रावर, हवामानाच्या नोंदी घ्यायची. नोकरी कंत्राटी, पगार कंत्राटदाराला आठवण झाली की. केंद्राच्या आवारात तारेचं कुंपण घातलेला गवताचा एक चौकोन. त्यात झडपांची पांढरी पेटी, तिच्यात तापमापक, बाजूला पाऊस मोजायचं भांडं, पाण्याची वाफ किती होते ते पाहायचं मोठं गोल पातेलं, आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. आणि या सगळ्याचे मालक असल्यासारखे व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले आमचे प्रमुख, भोयर साहेब.

मालक असल्यासारखे म्हणते, कारण त्या चौकोनात त्यांनी पाय ठेवलेला मी कितीतरी महिने पाहिला नाही. गवतात बुटाला चिखल लागतो. सकाळी मी पेटीचं दार उघडून आत डोकावले की मागून आवाज यायचा, "किती?" मी आकडा ओरडायची. साहेब मान हलवायचे, जणू काही आकडा त्यांनीच पाडला होता आणि तो बरोबर पडला की नाही एवढंच बघायचं होतं.

रुजू झाले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "राठोड काय? तांडा कोणता?"

मी सांगितलं.

"वा! तुमच्या लोकांले त आभाय पाहूनच पाऊस समजते म्हणतात."

"नाही समजत साहेब. समजला असता तर आम्ही एका साली दोनदा पेरलं नसतं."

साहेब मोठ्याने हसले. त्यांनी ऐकलंच नव्हतं. ते दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट पाहायचे, ऐकायचे नाहीत. "लिहून घ्या," ते म्हणाले, "ही पोट्टी पुढं जाईन." लिहून घ्यायला समोर फक्त महादेवभाऊ शिपाई होते आणि त्यांच्या हातात चहाची किटली होती.

'लिहून घ्या' हे साहेबांचं नेहमीचं. बाजारात, लग्नात, न्हाव्याच्या दुकानात, कुठेही. "लिहून घ्या, भोयर सांगून राह्यला, गुरुवारी पाऊस." गुरुवारी पाऊस आला तर शुक्रवारी साहेब मुद्दाम बाजारातून पायी जायचे. नाही आला तर त्यांच्याजवळ दुसरा शब्द होता: स्थानिक. गुरुवारचा पाऊस केंद्रावर न पडता पलीकडच्या गावात पडला, तो स्थानिक होता. पडणार नाही म्हटलेला पडला, तोही स्थानिक. कुठेच पडला नाही, तर कोरडेपणा स्थानिक. या एका शब्दाच्या छत्रीखाली त्यांनी सगळी नोकरी कोरडी काढली.

दिसायला रुबाबदार. शर्ट खोचलेला, खिशात कंगवा, डोळ्यांवर गॉगल, तो खोलीतसुद्धा. केस कोळशासारखे काळे, कारण दर रविवारी ते काळे केले जात. लोखंडी कपाटात नोंदींच्या जुन्या फायली खालच्या खणात कोंबलेल्या आणि वरचे खण सत्काराच्या शालींनी भरलेले. तालुक्यात कुठेही कार्यक्रम असो, साहेबांना शाल ठरलेली. एक शाल त्यांनी कॉम्प्युटरवर झाकायला दिली होती. धूळ बसू नये म्हणून, असं ते म्हणायचे. कॉम्प्युटर बंद पडलेला होता.

त्यांना लोक मानायचे. का मानायचे हे मला तेव्हा समजत नव्हतं, आता समजतं. घाबरलेल्या माणसाला 'बहुतेक' हा शब्द ऐकायचा नसतो. साहेब 'बहुतेक' कधी म्हणत नसत. म्हणून मोठमोठ्या विद्यापीठांच्या अंदाजापेक्षा आमच्या भागात भोयर साहेबांचा आवाज जास्त चालायचा. मोबाईलवरच्या ग्रुपवर सकाळी आवाज यायचा, "नमस्कार, भोयर बोलतो," आणि चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना गप्प करायचे.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या नशिबी तो मे महिना आला.

यवतमाळ जिल्ह्यातला मे कसा असतो ते मी सांगायला नको. आभाळ पांढरं, जमीन फुटलेली, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. त्या वर्षी तसं काहीच झालं नाही. सुरुवातीलाच ढग आले आणि घरच्यासारखे राहिले. एक दिवसाआड पाऊस. बरं, पावसाने गारवा आला म्हणाल तर तेही नाही. रात्रीसुद्धा अंग चिकट. कूलर लावला तर तो ओलं फडकं तोंडावर धरल्यासारखा वारा द्यायचा. महादेवभाऊंच्या बायकोने कुंपणाच्या आत पलंगाच्या चादरी अंथरून कुरड्या वाळत घातल्या होत्या; आमच्याकडे उन्हाळ्यात कुंपणाचा खरा उपयोग तोच. त्या कुरड्या वाळल्याच नाहीत. त्यांच्यावर हिरवी बुरशी आली. वाफेच्या पातेल्यावरची जाळी वाकली होती, तिच्यातून मे महिन्यात बेडूक आत शिरले. मी ते काढून टाकायची, ते परत यायचे.

पेटीत दोन तापमापक शेजारी असतात. एक कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला मलमलचं ओलं फडकं गुंडाळलेलं. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी उडतं आणि ओल्याचा पारा खूप खाली राहतो. हवाच ओली असली तर दोघं जवळजवळ सारखेच. एरवी मेमध्ये हे दोघं भांडलेल्या जावांसारखे लांब लांब असतात. त्या मेमध्ये एका ताटात जेवत होते.

साहेबांना हे पटेना. "फडकं बदल," व्हरांड्यातून आदेश.

मी बदललं. पारा तोच.

"पुन्हा बदल. आपल्या मेमंदी असं नसते."

"साहेब, फडक्याला महिना कोणता आहे ते माहीत नसतं."

महादेवभाऊ किटली घेऊन लगबगीने आत गेले. त्यांना हसायचं होतं.

दमट हवेचा खरा बळी मात्र साहेबांचे केस होते. घाम आला की रंग सुटायचा. दुपारपर्यंत कानामागून काळा ओघळ निघून कॉलरवर जिरायचा. साहेब रुमालाने पुसायचे, रुमाल काळा व्हायचा, तो ते घाईने खिशात कोंबायचे. केंद्रात कुणी याबद्दल बोलत नसे. सगळे बघत मात्र असत.

त्याच महिन्यात एका पुढाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मे लग्नांचा आणि त्या वर्षी पाऊस असा, त्यामुळे लोक मंगल कार्यालयाच्या आधी साहेबांना भेटायचे. या पुढाऱ्यालाही साहेबांनी सांगितलं होतं, "खुल्या मैदानात करा बिनधास्त. लिहून घ्या, त्या दिवशी थेंब नाही." आम्हालाही आमंत्रण होतं. साहेब पहिल्या रांगेत सोफ्यावर, अंगावर नवी शाल. मंगलाष्टकं चालू असताना वारा सुटला. मांडवाचं कापड फुगलं, एका बाजूचे बांबू उखडले आणि पाऊस असा आला की अक्षता अंगाला चिकटल्या. नवरदेव-नवरीला मामांनी उचलून ट्रकमध्ये बसवलं. बाकीचे ज्याला जिथे जागा मिळाली तिथे. थोड्या वेळाने पुढारी साहेबांना शोधत निघाला. साहेब स्टेजच्या खाली होते, वाकून बसलेले, हातात जेवणाचं ताट. केसांचा रंग थेट शालीवर.

"साहेब, हे काय हाय?" पुढारी ओरडला.

साहेबांनी भाताचा घास गिळला. "हा स्थानिक हाय."

दुसऱ्या माणसाचं तोंड महिनाभर वर निघालं नसतं. साहेबांचं तिसऱ्या दिवशी टीव्हीवर होतं.

तालुक्याचा एक पत्रकार होता, मोबाईलवर बातम्यांचा 'टीव्ही' चालवायचा. मेचे शेवटचे दिवस होते. तो आला आणि म्हणाला, "साहेब, यंदा लवकरच लागला की पाऊस. शेतकऱ्यांसाठी दोन शब्द सांगा." साहेब आरशात केस बघून आले. कुंपणाच्या आत जायचं टाळून त्यांनी पाऊस मोजायचं जुनं, गंजलेलं भांडं व्हरांड्यात मागवलं आणि नवरदेवाच्या खांद्यावर मामा हात ठेवतो तसा त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले.

"नमस्कार, भोयर बोलतो. लिहून घ्या. पेरणीले जेवढा पाऊस लागते, तेवढा आपल्या केंद्रावर मे महिन्यातच पडून चुकला. आता कायले वाट पाहता?" आणि मग हात वर करून, "पेरते व्हा!"

पावशा पक्षीही तेच ओरडतो म्हणतात. पण पावशा सरकारी पगार घेत नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पेरणीसाठी म्हणून जो पाऊस मोजायचा असतो तो खरा पावसाळा बसल्यापासूनचा. मेचा पाऊस त्यात धरत नाहीत. तो कितीही पडला तरी नाही, कारण त्याच्या मागे पाऊस येईलच असं नसतं. आभाळ उघडलं तर कोंब जळतात. कृषीच्या पहिल्या वर्षाचा पोरगाही हे सांगेल. साहेबांना माहीत नव्हतं का? होतं. माहीत नसतं तर मला त्यांची कीव आली असती.

पत्रकार गेल्यावर मी म्हटलं, "साहेब, मेचा पाऊस धरत नाहीत."

"राठोड, तू मले शिकवून राह्यली काय?"

"आठवण करून देते साहेब."

"अवं, यंदाचा मे हा मे हाय काय? हा जूनच हाय. लवकर आलेला."

अशा माणसाला काय सांगणार? कॅलेंडरसुद्धा त्यांच्या हाताखाली कंत्राटी होतं.

घरी गेले तर बाच्या मोबाईलवर साहेब होते. "पेरते व्हा!" बा परत परत लावत होता. तांड्याचा नायक आणि आणखी दोघं-चौघं खाटेवर बसून ऐकत होते. बियाणं आणून माळ्यावर ठेवलेलं होतं. मी म्हटलं, थांबा, हा पाऊस खरा नाही. बा हसला. "तुयाच साहेबानं सांगतलं न? तू त्याच्याहून मोठी झाली काय?" मी वादावादी केली. उपयोग शून्य. घरच्या मुलीने सांगितलेलं घरातच फिरतं, साहेबाने सांगितलेलं मोबाईलवर येतं.

याडी चुलीजवळ होती.  सविताची मुलगी पूनम शिकायला आमच्याकडेच राहते. सविताच्या सासरच्या तांड्याजवळ सातवीनंतर शाळा नाही. त्या मेमध्ये पूनम सातवी पास झाली होती. ती पाटीवर सांडलेल्या ज्वारीतले खडे वेचत होती. याडी तिच्याकडे बघत होती. मी याडीकडे. पुन्हा दोनदा पेरावं लागलं तर पूनमचं काय होणार, हे आम्हा दोघींना कुणी सांगायची गरज नव्हती.

जून लागला. पाऊस थांबला. ढग होते, पण नुसते. मग एका सकाळी खांबावरचा बाण पश्चिमेकडून थोडा उत्तरेला, कोरड्या वाऱ्याच्या बाजूला, कलला आणि तिथेच अडकून राहिला. पेटीतले दोघं तापमापक पुन्हा लांब सरकले. त्याच दुपारी खोलीतला कूलर एकाएकी गार वारा देऊ लागला. साहेब खूश झाले. पाय पसरून, शर्टाचं वरचं बटण सोडून बसले. "आता कसा चालून राह्यला!" म्हणाले. साऱ्या मेमध्ये ज्याने त्यांना उकडून काढलं तो कूलर सुधारला, एवढंच त्यांना दिसलं.

त्याच दिवशी बा आला. सोबत नायक आणि एक शेजारी. तिघांचे धुतलेले कपडे, बाच्या हातात नारळ. मला बघून बा ओळख नसल्यासारखा उभा राहिला. साहेबाच्या खोलीत तो माझा बाप नव्हता, शेतकरी होता. तिघं साहेबांच्या पाया पडले.

"उद्या मुहूर्त करून राह्यलो साहेब," बा म्हणाला. "साऱ्या तांड्याचं एकदमच. म्हटलं, ज्यानं सांगतलं त्याच्या हाती नारळ देऊन याव."

साहेबांचा चेहरा फुलला. नारळ घेतला. "बसा, बसा. महादेव, चहा!"

बा खुर्चीच्या कडेवर टेकला. मग त्याने कपाळावरचा घाम पुसला, कूलरकडे तोंड केलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "वा साहेब! तुमचा कूलर त मस्त गार चालून राह्यला. साऱ्या मेमंदी आमचा नुसता वाफच फेकत होता."

 साहेबांनी कूलरकडे पाहिलं. उठले आणि जाळीसमोर हात धरून उभे राहिले. कूलर केव्हा गार चालतो हे त्यांना माहीत होतं. हवा कोरडी झाली की. आणि जूनमध्ये हवा कोरडी झाली म्हणजे पाऊस लांबला. नारळ टेबलावर ठेवून ते खोलीबाहेर पडले, व्हरांडा उतरले, कुंपणाचं दार उघडून बुटासकट गवतात गेले. महादेवभाऊ किटली घेऊन तसेच थांबले. साहेबांनी पेटीचं दार उघडलं, वाकले, गॉगल काढला, परत वाकले. मग मान वर करून बराच वेळ बाणाकडे बघत राहिले. मला 'किती?' म्हणून विचारलं नाही.

आत आले ते उभ्यानेच म्हणाले, "उद्या नका पेरू."

"काहून साहेब?" बा उठून उभा राहिला. "तुमीच त सांगतलं. हे पाहा न." आणि त्याने मोबाईल काढून लावला. खोलीत साहेबांचा आवाज भरला: कायले वाट पाहता, पेरते व्हा.

"बंद करा ते."

"मंग कई पेराव?"

"सांगीन मी."

"आता सांगा न साहेब. तुमाले त मालूम राह्यते."

"आता मले माहीत नाही," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. महादेवभाऊंनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यांनी चहा बशीत ओतला, कप रिकामाच राहिला.

तिघं चहा न पिता गेले. बाहेर नायक मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाला, "टीव्हीवर बोलला तेच खरं. आता घाबरला तो." मुहूर्त रद्द झाला नाही. एक दिवस पुढे गेला, तेवढाच.

साहेबांनी मग आपल्या पद्धतीचे उपाय केले. ग्रुपवर आवाज टाकला, "नमस्कार, भोयर बोलतो. पेरणी थांबवा." उत्तरं आली. कुणी हात जोडले, कुणी विचारलं साहेब तब्येत बरी आहे ना, आणि एकाने खाली जुनी चित्रफीत चिकटवली: पेरते व्हा. साहेबांना साहेबांनीच खोटं पाडलं. पत्रकाराला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, पेरते व्हा ही बातमी होती. पेरू नका, यात काय बातमी हाय?"

महादेवभाऊंचा भाचा भोंगा लावलेला ऑटो चालवायचा, औषध फवारणीच्या, सर्कशीच्या जाहिराती फिरवायचा. साहेबांनी त्याला बोलावलं. "मी रेकॉर्ड करून देतो," म्हणाले, "तू गावोगावी फिरव."

मी म्हटलं, "साहेब, तुमचं रेकॉर्ड लोकांकडे आहेच. तेच तर भोवलं."

मला वाटलं ओरडतील. कंत्राट संपवतील. त्यांनी खिशातून कंगवा काढला, केसांवरून फिरवला, कंगव्याकडे पाहिलं. काळा झाला होता. तो टेबलावर टाकून ते ऑटोत जाऊन बसले. मी मागे बसले, भोंग्याची बॅटरी मांडीवर धरून.

महागावच्या बाजूची काही गावं केली. कुठे लोक ऐकत, कुठे हसत, एका ठिकाणी एक म्हातारा फक्त म्हणाला, "पेरलं न बावा कालच," आणि बिडी पेटवून वळला.  संध्याकाळी आम्ही आमच्या तांड्यावर पोचलो. कडुनिंबाखाली माणसं जमली. ऊन उतरलं तरी उष्मा होता, साहेबांच्या कानामागून दोन्हीकडून काळे ओघळ निघाले होते, मानेवरून शर्टात. त्यांनी ते पुसले नाहीत.

"उद्या पेरू नका," साहेब म्हणाले. भोंगा त्यांनी बाजूला ठेवला होता. "पाऊस लांबणार हाय."

मागून एक पोट्टा ओरडला, "साहेब, हा बी स्थानिक हाय काय?"

सगळा तांडा हसला. नायक हसला, बा हसला. मीही हसले, का नाही हसायचं?

साहेब थांबले. हसणं संपू दिलं. "नाही," ते म्हणाले. "हा स्थानिक नाही. हे मायं चुकलं. मेचा पाऊस धरायचा नसते. म्या धरला."

"तुमाले मालूम नोतं काय?" हा याडीचा आवाज होता. याडी चारचौघांत पुरुषांसमोर कधी बोलत नाही. ती बायकांच्या घोळक्यातून पुढे आली होती, पूनमचा हात धरून.

"मालूम होतं."

"मालूम होतं त मंग काहून सांगतलं?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. तिथे स्थानिक म्हणायला काही उरलं नव्हतं. "कॅमेरा होता समोर," ते म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही. याडी त्यांच्याकडे बघत राहिली, जशी ती बाजारात खोटं वजन लावणाऱ्याकडे बघते तशी. मग वळून बाला आमच्या बोलीत म्हणाली, बियाणं माळ्यावरच राहू दे. बा काही तरी पुटपुटला. नायकाने पागोट्याखाली डोकं खाजवलं. खोटं बोलणारा माणूस लोकांसमोर एवढी नाचक्की करून घेईल कशाला, असा त्याचा हिशोब असावा. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "थांबू मंग." साहेबांना कुणी पाणी विचारलं नाही. पूनमनेच तांब्या आणून दिला.

जून तसाच कोरडा गेला. ज्यांनी पेरलं होतं त्यातले काही जण एक दिवस केंद्रावर आले आणि वाळलेल्या कोंबांची जुडी साहेबांच्या टेबलावर टाकून गेले. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते, ते लोक जाईपर्यंत उभेच होते. वरून चौकशी आली. साहेबांनी चूक आपलीच म्हणून लिहून दिलं. शाली यायच्या बंद झाल्या. लग्नाची आमंत्रणं थांबली. ग्रुपवर त्यांनी काही टाकलं की खाली पोट्टे 'पेरते व्हा' लिहायचे. मी त्यांना माफ केलं का, असं मला महादेवभाऊंनी एकदा विचारलं. साहेबांनी माफी माझ्याकडे मागितली नव्हती, आणि करपलेल्या वावरांच्या वतीने माफ करणारी मी कोण? पण एवढं खरं की त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सकाळच्या नोंदीला ते स्वतः कुंपणात यायचे. वाकून बघायचे, आकडा मला सांगायचे. बऱ्याचदा चुकीचा सांगायचे. डोळे अधू झाले होते आणि चष्मा लावायचा नव्हता. मी परत बघून बरोबर लिहायची.

निवृत्तीला समारंभ झाला नाही. चहा झाला. शाली त्यांनी महादेवभाऊंना दिल्या, आणि महादेवभाऊंच्या बायकोने पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्यावर कुरड्या घातल्या. त्या छान वाळल्या.

त्यानंतर मला ते एकदाच दिसले, महागावच्या बस स्टँडवर. मी पलीकडच्या बाजूला होते. ते नेरकडे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. नेर त्यांचं गाव. गॉगल नव्हता. केस पांढरेशुभ्र, इतके की आधी मी ओळखलंच नाही. खालून एका माणसाने ओळखलं आणि खिडकीला हात लावला. "भोयर साहेब न तुमी? पोरीचं लग्न हाय मेमंदी. खुल्या मैदानात कराव म्हणतो. पाऊस येईन काय?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सवयीने आभाळाकडे. मला वाटलं, आता म्हणतील लिहून घ्या.

"मांडव मजबूत बांधा," ते म्हणाले. बस सुटली.

त्या ओल्या मेच्या साली आमच्या तांड्यात कपाशी एकदाच पेरली गेली, खरा पाऊस बसल्यावर. दिवाळीनंतर बा आणि याडी घरीच होते. पूनम आठवीच्या वर्गात होती.